मदत हवी आहे: ऑफिसमधल्या वर्णभेदाच्या तक्रारीत साक्ष द्यायची आहे, पण मी एच-१बी वर आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत एच-१बी वर, म्हणजे कंपनीने मिळवून दिलेल्या कामाच्या व्हिसावर, नोकरी करतो. विषय टीममधल्या एका कृष्णवर्णीय सहकारी मैत्रिणीचा आहे.

नवा मॅनेजर येईपर्यंत तिच्या कामाचं सगळे कौतुक करायचे. आता तिला क्लायंट कॉलला बोलावत नाहीत. तिने मांडलेल्या मुद्द्याकडे लक्ष जात नाही, तोच मुद्दा थोड्या वेळाने दुसऱ्याने मांडला की वाहवा होते. तिने आक्षेप घेतला की ती 'ॲग्रेसिव्ह', तिच्याहून चढ्या आवाजात बोलणारा गोरा सहकारी मात्र 'पॅशनेट'. यातली एकेक गोष्ट सुटी काढली तर कुणीही झटकून टाकेल. पण ती नसताना मॅनेजर आमच्यासमोर म्हणाला, "या क्लायंटपुढे वेगळा चेहरा हवा." प्रमोशन तिच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळालं.

ती आता एचआरकडे लेखी तक्रार करणार आहे. ते वाक्य ऐकलं होतं असं सांगशील का, असं तिने मला विचारलंय. सांगायचं हे माझं नक्की आहे. ऐकणारेच गप्प बसले तर 'हा तुझा गैरसमज आहे' म्हणून तिची बोळवण होणार. कसं सांगावं, एवढाच प्रश्न आहे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन (नोकरीतल्या भेदभावाला मनाई करणारा भाग) १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होतं. त्यात साक्षीदारावर सूड उगवायलाही मनाई आहे, आणि व्हिसावर असलो तरी हे संरक्षण मिळतं. पण नोकरी गेलीच तर एच-१बी वाल्याला नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सूडाची तक्रार तेवढ्यात निकाली निघत नाही. ग्रीन कार्डची प्रक्रियाही कंपनीच्याच हातात आहे. घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी आहे, त्यामुळे हा विचार टाळता येत नाही.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो, कारण तिलाही ती माहीत नव्हती. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्र सरकारच्या आयोगाकडे) तक्रार नोंदवायची मुदत १८० दिवसांची आहे, राज्याची किंवा स्थानिक यंत्रणा असेल तर ३०० दिवस. एचआरची चौकशी सुरू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

तर, कुणी अशी साक्ष दिली आहे का? तोंडी सांगितलंत की लेखी? मी त्या मीटिंगची तारीख, हजर असलेल्यांची नावं आणि मॅनेजरचे नेमके शब्द घरच्या वहीत लिहून ठेवलेत. ऑफिसचे मेल स्वतःला पाठवलेले नाहीत, तेच कारण दाखवून काढून टाकतील अशी भीती वाटते. हे बरोबर आहे ना? आणि आधी एम्प्लॉयमेंट वकील गाठावा की इमिग्रेशनचा? कंपनीने नेमलेल्या वकिलाला मी विचारणार नाही, त्याचं बिल कंपनी भरते.

'आपण कशाला मध्ये पडायचं' हा सल्ला कृपया देऊ नका. तिची एचआरशी भेट पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा जमेल तितक्या लवकर लिहा. उघडपणे लिहिणं अवघड असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.