गिटार उघडली आणि आवाज गेला: पिकअप वायरिंगचे तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात माझ्या स्ट्रॅटला (स्ट्रॅटोकास्टर, इलेक्ट्रिक गिटार) भुणभुण अडवायला आतून तांब्याची पट्टी लावायला घेतली. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक आणि गुंडाळी, एकच गुंडाळी असली की भुणभुणही पकडते) आणि घरात पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, त्यामुळे पंखा लावला की अँपमधनं भुणभुण सुरू, आणि पुण्यात मे महिन्यात पंखा बंद करून कोण वाजवणार. बुधवार पेठेतनं तांब्याची चिकटपट्टी आणली, पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची प्लास्टिकची पाटी) उलटा केला, आतली पोकळी सगळी मढवली, जॅकची (केबल घालायच्या सॉकेटची) खोबणसुद्धा. जॅकची प्लेट लोंबती ठेवून वाजवून बघितलं तर एकदम स्वच्छ. स्क्रू आवळले की आवाज पूर्ण बंद. ढिले केले की चालू. पाच-सहा वेळा हेच. शेवटी टॉर्च मारून बघितलं तेव्हा कळलं, केबल आत गेली की जॅकमधलं टिपचं पान मागे वाकतं आणि प्लेट बसवल्यावर ते थेट तांब्याला टेकत होतं. टिप म्हणजे हॉट, सिग्नल येतो ती बाजू, आणि तांबं ग्राउंडला, म्हणजे परतीच्या बाजूला जोडलेलं, म्हणजे सगळा सिग्नल तिथल्या तिथे शॉर्ट. तेवढ्या जागी इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले, संपलं.

म्हणून हा धागा काढतोय. तुमची गिटार उघडल्यावर काय चुकलं आणि ते सापडलं कसं ते लिहा. नुसतं 'ग्राउंड चेक करा' नको, कशाला हात लावल्यावर काय झालं ते सांगा, नवीन माणसाला तेच लागतं.

---

डोंबिवली

माझं रंगांचं झालं. ब्रिजला (तारा खाली जिथे टेकतात तिथे) डंकन कंपनीचा चार वायरींचा हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप घेतला आणि डायग्राम वापरला डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीचा, कारण रंग तर तेच दिसत होते, लाल, काळा, पांढरा, हिरवा. लाल हॉटला, हिरवा ग्राउंडला, काळा-पांढरा एकत्र. आवाज आला पण पातळ, आणि हंबकर असून गुणगुण. मी आठवडाभर पिकअपलाच शिव्या घातल्या. मग केबल लावून, व्हॉल्यूम फुल ठेवून, केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावला, ८ के (किलोओहम) च्या आसपास यायला हवं तिथे निम्मं. नंतर स्क्रूड्रायव्हरने पोलवर (पिकअपवरच्या धातूच्या टोकांवर) हळू टकटक केली तर एका कॉइलवर ठणठणीत ठक आणि दुसरी मेल्यासारखी. डंकनमध्ये काळा आणि पांढरा ही एकाच कॉइलची दोन टोकं असतात, ती मी एकमेकांना जोडून ती कॉइल स्वतःवरच शॉर्ट केली होती. डंकनला काळा हॉट, लाल-पांढरा एकत्र, हिरवा आणि उघडी तार ग्राउंडला. पिकअप शंभर टक्के चांगला होता. डबा आणि त्यातला कागद टाकू नका, एवढं कळकळीने सांगतो.

---

रत्नागिरी

इकडे खारी हवा, दोन पावसाळे गेले की स्क्रूसुद्धा गंजतात. माझ्या स्ट्रॅटला गुणगुण होती आणि तारांना हात लावला तरी काही फरक नाही, पण जॅकच्या प्लेटला बोट लावलं की एकदम कमी. म्हणजे जॅकपर्यंत ग्राउंड ठीक, तारांपर्यंत पोचत नाही. मागचं झाकण काढलं. स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीला ब्रिजची ग्राउंड वायर डागलेली असते, ती लांबून बरोबर दिसत होती. नखाने उचलली तर अख्खा डाग टिकलीसारखा सुटून आला, खाली हिरवं चढलेलं. पॉलिश पेपरने पट्टी चकचकीत होईपर्यंत घासली, पण २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने कथील काही धरेना.

---

मुंबई

रत्नागिरीवाल्या दादा, ती जाड पट्टी आणि पॉटची (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाची) पाठ या दोन्हीला ६० वॅटची घ्या. पट्टीचं लोखंड सगळी उष्णता ओढून घेतं, मग कथील गोळी होऊन नुसतं वर बसतं, त्यालाच कोल्ड जॉइंट म्हणतात. लॅमिंग्टन रोडला मी ज्यांच्याकडे शिकलो ते काका म्हणायचे, आधी भांडं (म्हणजे डागायचा भाग) तापव, मग कथील घाल, इस्त्रीवर कथील वितळवून वरून थापू नकोस. डाग चमकदार आणि पसरट दिसला पाहिजे. आणि पॉटच्या पाठीवर पाच सेकंदात धरलं नाही तर थांबा, गार होऊ द्या, नाहीतर आतला कार्बनचा ट्रॅक जातो.

---

कोल्हापूर

मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. गणपतीत एका कार्यक्रमाला कोरस द्यायला माइकजवळ गेलो, तारांवर हात होता, ओठ माइकला लागला आणि असा झटका बसला की दात आपटले. सगळे म्हणाले तुझ्या गिटारीचं वायरिंग खराब. घरी येऊन उघडली, एकेक वायर बघितली, सगळं जिथल्या तिथे. मग दुसऱ्या दिवशी आमच्या इलेक्ट्रिशियनने स्टेजवर गिटारच्या तारेला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. माझा अँप ज्या एक्स्टेंशनवर होता त्याची अर्थिंगची पिनच तुटलेली होती. अँपच्या बॉडीवर आलेला करंट केबलच्या ग्राउंडमधून थेट माझ्या बोटात. काही जण यावर उपाय म्हणून गिटारमधली ब्रिजची वायरच कापून टाकतात, कृपा करून तसं करू नका, जॅकची प्लेट तशीच जिवंत राहते आणि गुणगुण वाढते ती वेगळीच. आता मी अँप लावायच्या आधी बोर्डाचं अर्थिंग तपासून घेतो आणि अँप आणि माइकचं मिक्सर एकाच बोर्डावर लावा म्हणून हट्ट धरतो, आयोजक वैतागले तरी चालेल.

---

धागाकर्ता: कोल्हापूरकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बाकी सगळ्या चुकांत आवाज जातो, इथे माणूस जातो.

---

न्यू जर्सी

टेलिकास्टरवाल्यांसाठी (दोन पिकअपची इलेक्ट्रिक गिटार). नेकला, म्हणजे मानेकडच्या जागी, दुसऱ्या कंपनीचा पिकअप टाकला, एकेकटे दोन्ही छान वाजायचे, पण स्विच मधे ठेवला की आवाज नाकातून बोलल्यासारखा, बेस गायब. फेज उलटी, म्हणजे दोन पिकअप एकमेकांना खोडतायत, हे उघड आहे. नेकच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, फेज जुळली, पण आता पिकअपच्या धातूच्या कव्हरला बोट लागलं की मोठ्ठा बझ. कारण ते कव्हर एका छोट्या तारेने कॉइलच्या ग्राउंडच्या टोकाला जोडलेलं असतं, मी टोकं बदलली तसं कव्हरच हॉट झालं. ती छोटी तार कापायची आणि कव्हरपासून वेगळी तिसरी वायर ग्राउंडला न्यायची. हात अगदी सावकाश चालवा, कॉइलची तार केसापेक्षा बारीक, तिला कटरचं टोक लागलं की पिकअप संपला. जाता जाता, पुण्यात ५० हर्ट्झ म्हणजे गुणगुण साधारण जी वर येते, इथे ६० हर्ट्झ, बी फ्लॅटच्या थोडी वर. ऐकून सवय झाली की मेनची गुणगुण लगेच ओळखू येते.

---

नाशिक

रत्नागिरीचं वाचून आत्ता मीटर बीपवर (जोडणी असली की वाजतो) ठेवला, एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या प्लेटला. बीप नाही. सहा महिने मी नवीन पिकअपसाठी पैसे साठवतोय. उद्या मागचं झाकण काढतो, काय निघतं ते इथेच लिहितो.