शेगडीचं गणित मोटारीला लावू नका

दोन प्रश्न विचारले गेलेत: 230 व्होल्टवर 4.3 अँपिअर घेणाऱ्या विजेच्या शेगडीचा रोध आणि पॉवर किती, आणि व्होल्टेज पडलं की करंट वाढतो का. पहिलं सोपं आहे. 230 भागिले 4.3, साधारण 53.5 ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की पॉवर 989 वॅट.

दुसऱ्याचं उत्तर 'हो' असं दिलं गेलंय, ते शेगडीला लागू नाही. कॉइल नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते आणि तिचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. त्यामुळे 180 व्होल्टला करंट उलट 3.36 अँपिअरवर उतरतो आणि पॉवर उरते 605 वॅट. व्होल्टेज 22 टक्क्यांनी पडलं, पण उष्णता 39 टक्क्यांनी, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते.

करंट वाढतो तो मोटारीत. आपल्या सोलापुरात यंत्रमागवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. मागाचा भार तोच, तो ओढायला मोटार जास्त करंट घेते, मग वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, तापतं आणि जळतं. मोटारीचा रोध व्होल्ट भागिले अँपिअर करून काढूच नका, तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खऱ्या पॉवरचा हिस्सा, मध्ये येतो. एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार 415 व्होल्टवर 1.8 अँपिअर घेत असेल तर 1.732 (थ्री फेजसाठी 3 चं वर्गमूळ) × 415 × 1.8, म्हणजे 1294 व्होल्ट-अँपिअर. पॉवर फॅक्टर 0.75 धरला तर खरी पॉवर 970 वॅट. साधा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) फक्त अँपिअर दाखवतो, पॉवर फॅक्टर मोटारीच्या पाटीवर बघा. तो आकडा पूर्ण भाराचा असतो, माग रिकामा चालला तर बराच खाली येतो.