मदत हवी आहे: अमेरिकेहून आलेला पीव्ही ५१५० गिटार अ‍ॅम्प घ्यावा का? (१२० व्होल्टचा आहे)

नमस्कार मंडळी,

कोथरूडला राहणारे एक काका बरीच वर्षं न्यू जर्सीत काढून कायमचे परत आलेत. मुलाचं ५१५० हेड (म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) त्यांनी सामानात आणलं, मुलगा तिकडेच राहिला, आता ते विकायला काढलंय. १९९२ साली पीव्ही कंपनीने गिटारवादक एडी व्हॅन हेलनसोबत काढलं होतं तेच मॉडेल; पुढे दोघांचं फाटलं आणि तोच अ‍ॅम्प ६५०५ नावाने विकला गेला. काका ८० हजार म्हणतायत.

आमच्या बँडमध्ये दोन गिटार, ट्यूनिंग ड्रॉप सी (तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या). माझ्याकडे १०० वॉटचा सॉलिड स्टेट (व्हॉल्व्ह नसलेला) कॉम्बो, म्हणजे स्पीकरसकटचा अ‍ॅम्प आहे. घरी एकट्याने वाजवला की भरदार वाटतो, पण जॅमपॅडला (सरावाच्या खोलीत) ड्रम सुरू झाले की पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेला सूर) कुठे जातो कळत नाही. तो विकून त्यात भर घालायची आहे. दुसरे पर्याय दोन: मुंबईत एक जुना मेसा बूगी ड्युअल रेक्टिफायर आहे, बराच महाग पण २३० व्होल्टचा, नाहीतर नवीन मार्शल डीएसएल ४०, वॉरंटीसकट.

रविवारी ५१५० बघून आलो. काकांनी मिक्सरसाठी आणलेल्या ३०० वॉटच्या स्टेपडाउनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) तो चालू केला. कॅबिनेट (स्पीकरची पेटी) नव्हतंच, नुसते दिवे दाखवले. मागून वाकून पाहिलं तर चारपैकी तीन मोठे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे) नारिंगी झाले होते आणि त्यांच्या काचेला वरून चंदेरी मुलामा होता. चौथा थंड, आणि त्याचा मुलामा दुधासारखा पांढरा. हे काय असतं?

दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून जुना व्हॉल्व्ह कॉम्बो घेतला, तिसऱ्या आठवड्यात त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला आणि दुकानदाराने हात वर केले. ते पैसे साठवायला मला वर्ष लागलं होतं. म्हणून या वेळी आधी विचारतोय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

जुना_रेडिओ:
आधी त्या काकांना फोन कर आणि सांग, स्पीकर जोडल्याशिवाय तो पुन्हा चालू करायचा नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड लागतोच. लोड नसताना सिग्नल गेला तर प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं, वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. तुझा आधीचा ट्रान्सफॉर्मरही कदाचित असाच कुणीतरी आधी दुखावलेला असेल.

पांढरा झालेला व्हॉल्व्ह मेला. आतली हवा काढल्यावर उरलीसुरली शोषून घ्यायला तो चंदेरी थर असतो. काचेला बारीक तडा जाऊन हवा शिरली की तो पांढरा पडतो. प्रवासात होतं असं. यात अ‍ॅम्पचा दोष नाही, पण चारही व्हॉल्व्ह बदलावे लागतील, तेव्हा तेवढे पैसे किमतीतून वजा करून घे.

आता स्टेपडाउन. ३०० वॉटचा अजिबात चालणार नाही, किमान ७५० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, वॉटसारखंच माप) घे. आपल्याकडे बहुतेक २३० ते ११० असे मिळतात आणि लोक ‘१२० नाही’ म्हणून नाक मुरडतात. तुझ्या घरी रात्री २४५ व्होल्ट येत असतील तर त्या हिशोबाने बाहेर ११७ येतात. ठीक आहे की! उलट २३० ते १२० वाला घेतलास तर तेव्हा १२८ येतील आणि व्हॉल्व्ह जास्त तापतील. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळातच थोडा गरम चालणार. हेडच्या मागे हवा खेळती ठेव.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. स्वस्तातल्या डब्यांना आउटपुटला दोन पिनांचं अमेरिकन सॉकेट असतं, अर्थ पुढे जातच नाही. गिटारच्या तारा चासीला (अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात रे बाळा. तारांवर हात आणि माइकला ओठ लागले की जीव जाऊ शकतो. तीन पिनांचा करून घे आणि घरातल्या सॉकेटला खरोखर अर्थ आहे का तेही तपासून घे.

मुलुंड_मेटल:
आवाजाबद्दल मी सांगतो, तिन्हींवर वाजवलंय. रेक्टिफायरचा खालचा भाग मोठा आणि सैल. भिंतीसारखा उभा राहतो, पण जलद रिफला थोडा मागे पडतो. ५१५०चा मिड (मधले सूर) पुढे येतो, पिकचा घाव लगेच लागतो. दोन गिटारच्या बँडमध्ये ड्रॉप सीला मी डोळे झाकून ५१५० घेईन. पुढे ट्यूब स्क्रीमर पेडल लाव, ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. बास घट्ट होतो. नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारं) मात्र लागेलच.

वाईट बाजू म्हणजे दोन्ही चॅनलना मिळून एकच इक्यू (बास-मिड-ट्रेबलचे नॉब), आणि क्लीन (स्वच्छ, न फाटलेला आवाज) असून नसल्यासारखा. बँडमध्ये क्लीन भाग असतील तर डीएसएल जास्त कामाचा. त्यात ईएल३४ व्हॉल्व्ह आहेत, मार्शलचा तो खरखरीत क्रंच मिळतो, पण तू म्हणतोस तेवढा जड आवाज त्याच्याकडून येणार नाही.

४० वॉट कमी पडतील म्हणून डीएसएल सोडू नकोस. १०० आणि ५० वॉटमध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक असतो. तुझा कॉम्बो हरतो तो वॉटमुळे नाही, मिडमुळे.

एडिसनकर:
मी इथे अमेरिकेत तोच अ‍ॅम्प बारा वर्षं वापरतोय. मूळ ५१५०मध्ये बायस (व्हॉल्व्हमधून सतत किती करंट वाहावा ते) फिरवायला पॉटच नाही, कारखान्यातून थंड, म्हणजे कमी करंटवर बायस करून आलाय. त्यामुळे मॅच केलेले चार ६एल६ (ते मोठे व्हॉल्व्ह) घालायचे आणि वाजवायचं. २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा व्हॉल्व्हच्या किमती भडकल्या होत्या, पण स्लोव्हाकियाचे जेजे मिळतात आणि टिकतात. डिसेंबरात पुण्याला येतोय, हवे तर घेऊन येईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पुढच्या वेळी जाताना पेन्सिल न्या. अ‍ॅम्प चालू असताना छोट्या १२एएक्स७ व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा. ज्याच्यावर मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा आवाज येईल तो बदलायचा. मोठ्यांच्या आतली पत्र्याची प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा.

धागाकर्ता:
जुना_रेडिओ काका, अर्थिंगचं वाचून आमच्या जॅमपॅडची सॉकेटं तपासून घेतली. पाचपैकी दोनच्या मागे अर्थची वायरच नव्हती. आम्ही तीन वर्षं तिथे गातोय. मालकाने काल इलेक्ट्रिशियन बोलावला. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

५१५०चं ठरलं. बँडमध्ये क्लीनचे दोनच भाग आहेत, ते दुसरा गिटारवाला घेईल. मित्राचं १६ ओहमचं कॅबिनेट काकांकडे नेलं, हेडच्या मागचा स्विच १६ वर केला, मेलेला व्हॉल्व्ह दाखवला. त्यांना वाईट वाटलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. स्वतःहून ६२ हजार म्हणाले. पेन्सिलची टिचकी आणि आवाज नवे व्हॉल्व्ह बसल्यावरच बघायचं ठरलं, तोवर निम्मेच पैसे दिलेत.

एक शंका राहिली. तापकीर गल्लीत एक जण १००० व्हीएचा तीन पिनांचा बांधून देतो म्हणतोय, पण विचारतो की ऑटो (एकच सामाईक वाइंडिंग) हवा की आयसोलेशन (दोन वेगळी वाइंडिंग)?

जुना_रेडिओ:
ऑटो चालेल, अ‍ॅम्पमध्ये स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहेच. पण ऑटोमध्ये न्यूट्रल दोन्हीकडे सामाईक असतो, तेव्हा प्लग उलटा बसणार नाही असा त्याच्याकडून करून घे. वायर तांब्याची आहे का विचार, आणि नेताना मल्टिमीटर घेऊन जा. तिथेच त्याच्यासमोर आउटपुट मोज.

धागाकर्ता:
सांगितलंय तसंच, तांब्याचा. शनिवारी मिळेल. @एडिसनकर, व्यनि केलाय, चार ६एल६ आणि एक जादा १२एएक्स७. तोपर्यंत हेड माझ्या कपाटावर आहे, प्लग काढून.