चमत्काराचा प्रश्न विचारला की "माहीत नाही" हेच उत्तर का येतं?

संवादिनी:
सोल्यूशन फोकस्ड ब्रीफ थेरपी, म्हणजे अडचणीच्या कारणांपेक्षा उपायांवर भर देणारी थोड्या सत्रांची समुपदेशन पद्धत. तिच्यातले प्रश्न कागदावर सोपे दिसतात, पण सत्रात दोन ठिकाणी हमखास अडतं. चमत्काराचा प्रश्न (रातोरात अडचण सुटली तर काय वेगळं दिसेल, हा) विचारला की "माहीत नाही" किंवा "नवरा ओरडणार नाही" एवढंच उत्तर येतं. आणि ० ते १० च्या मोजपट्टीवर (० म्हणजे सगळ्यात वाईट, १० म्हणजे हवं तसं) कोणी थेट शून्य सांगितलं, की पुढे काय विचारावं ते सुचत नाही. प्रश्नात चूक असते की विचारण्यात?

उंबरठा:
बहुतेक वेळा विचारण्यात, त्यातही घाईत. "चमत्कार झाला तर काय बदलेल?" असं एका वाक्यात उरकलं तर उत्तरही एका वाक्यात येणार. हा प्रश्न सावकाश, मध्ये थांबत विचारायचा असतो. साधारण असा:

"एक जरा वेगळाच प्रश्न विचारू? समजा, आज इथून गेल्यावर तुम्ही राहिलेली कामं कराल, जेवाल, झोपाल. सगळीकडे निजानीज झाली आहे. त्या झोपेत एक चमत्कार होतो आणि ज्या अडचणीसाठी तुम्ही इथे आलात, ती सुटते. पण तुम्ही झोपेत होतात, म्हणून तुम्हाला हे माहीतच नाही. सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा कशावरून लक्षात येईल, की काहीतरी बदललंय?"

यानंतर गप्प राहायचं. "माहीत नाही" हे पुष्कळदा उत्तर नसतं, विचार सुरू झाल्याची खूण असते. त्या पाच-सहा सेकंदांत आपण उदाहरणं पुरवली की समोरची व्यक्ती आपल्याच उदाहरणांना मान डोलावते आणि तिचं स्वतःचं चित्र राहून जातं.

"नवरा ओरडणार नाही" यात काय नसेल ते कळतं, काय असेल ते कळत नाही. म्हणून विचारायचं, "ओरडण्याऐवजी तो काय करेल?" समजा, "शांतपणे बोलेल" असं आलं. "तो तसं बोलला की तुम्ही काय वेगळं कराल?" आणि मग, "ते बघून मुलांना काय जाणवेल?" अशा तीन-चार वळणांत दुसऱ्याच्या वागण्यावर टेकलेलं उत्तर स्वतःच्या हातातल्या कृतीपर्यंत येतं. या एका प्रश्नावर १५-२० मिनिटं गेली तर सत्राचा वेळ सत्कारणी लागला समजा. थेरपीचं काम त्या बारीकसारीक वर्णनातच होत असतं.

चित्र भरलं की लगेच अपवाद शोधा: "यातलं थोडंसं तरी गेल्या दोन आठवड्यांत कधी घडलं?" घडलं असेल तर कधी, कुठे, कोण होतं आणि त्या व्यक्तीने स्वतः काय केलं, सगळं विचारा.

पायरी_पायरीने:
मोजपट्टीबद्दल. कोणी "३" सांगितलं की "मग १० ला कसं पोहोचायचं?" असं विचारण्याचा मोह होतो. तो टाळा. आधी "३ का? २ का नाही?" हे विचारा, आणि उत्तर आलं तरी "आणखी काय?" म्हणत राहा. त्या ३ मध्ये आधीच जमलेल्या गोष्टी असतात, त्या मोजून झाल्याशिवाय वर चढू नका. मग "४ वर असाल तेव्हा काय वेगळं दिसेल?" असा एकाच पायरीचा प्रश्न. कितीवर आल्यावर पुरे वाटेल, हेही विचारून घ्या. १० क्वचितच कोणाला लागतं, ७ किंवा ८ वर पुष्कळांचं समाधान होतं.

शून्य आलं तर ते शून्य मान्य करा. "असं कसं, थोडं तरी असेलच ना" म्हणालात की ऐकून घेतलं गेलं नाही असंच वाटणार, आणि ते वाटणं रास्तच आहे. तिथे तगून राहण्याचे प्रश्न वापरा: "इतकं कठीण असताना आज उठून इथवर कसे आलात? परिस्थिती याहून बिघडू नये म्हणून काय करत आहात?" सूर कौतुकाचा नको, खऱ्या कुतूहलाचा हवा.

आत्महत्येचे विचार, मारहाण किंवा वास्तवाशी संपर्क सुटल्याची लक्षणं दिसली तर मात्र आधी सुरक्षितता तपासा, धोका स्पष्ट शब्दांत विचारा आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. मोजपट्टी त्यानंतर.

मधली_वाट:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त 'चमत्कार' हा शब्द अनिवार्य मानू नका. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या थेरपिस्ट जोडप्याने १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत थेरपी केंद्र सुरू केलं आणि तिथे ही पद्धत घडत गेली. पुढे लंडनमधल्या 'ब्रीफ' या संस्थेने सुरुवातच वेगळ्या प्रश्नाने करायला शिकवलं: "आपल्या या बोलण्यातून तुम्हाला सगळ्यात जास्त काय मिळावं असं वाटतं?" जवळची व्यक्ती नुकतीच गेलेल्यांना चमत्कार विचारला तर "ती परत यावी" हेच उत्तर येणार. तिथे हा दुसरा प्रश्न कितीतरी हळुवार ठरतो.

परिणामकारकतेचं म्हणाल तर २०१३ मध्ये गिंगरिच आणि पीटरसन या संशोधकांनी ४३ नियंत्रित अभ्यासांचा (ज्यांत तुलनेसाठी दुसरा गट असतो) आढावा घेतला. त्यातल्या ३२ अभ्यासांत लक्षणीय फायदा दिसला.

संवादिनी:
खूप उपयोग झाला. पहिल्या सत्राच्या शेवटी गृहपाठ काय द्यावा? आणि दुसऱ्या सत्रात "काहीच बदललं नाही" असं आलं तर?

पायरी_पायरीने:
शेवटाआधी पाच-दहा मिनिटांची विश्रांती घ्या. परत आल्यावर त्यांनीच सांगितलेल्या दोन-तीन नेमक्या गोष्टींची दाद द्या, मोघम "तुम्ही खूप खंबीर आहात" नको. मग जुनं, साधं काम: "पुढच्या भेटीपर्यंत तुमच्या आयुष्यात असं काय काय घडतं, जे यापुढेही घडत राहावं असं वाटतं, त्याकडे लक्ष ठेवा." काहीही नवीन करायला सांगायचं नाही, फक्त बघायला सांगायचं.

दुसऱ्या सत्राची सुरुवात "गृहपाठ केलात का?" अशी नको. "मागच्या भेटीपासून काय बरं झालं?" असं विचारा. "काहीच नाही" आलं तर आठवड्याचे दिवस सुटे करा: मंगळवार कसा होता, बुधवार त्याहून जरा हलका होता का? सगळे दिवस सारखे क्वचितच असतात. तरीही खरंच काही सापडलं नाही, तर ध्येय त्यांचं आहे की त्यांना पाठवणाऱ्या नातेवाइकांचं, हे आधी तपासा. पुष्कळदा गाठ तिथेच असते.