मदत हवी आहे: सफरचंदाचा सॉस पाणचट, फोडी मात्र कडकच

सांजवेळ:
पहिल्यांदाच करतेय. पाऊण तास झाला, फोडी शिजत नाहीत. डावाने दाबलं की वरून मऊ, आत कचकचीत. भोवती नुसतं पाणी, रंगही तपकिरी. गॅस चालू आहे, लवकर सांगा!

कडेलोट:
सफरचंदं कुठली? किती? पाणी किती घातलंत?

सांजवेळ:
साधी लाल, सहा. पाणी फोडी बुडतील इतकं. झाकण ठेवलंय.

जुनी पळी:
बुडतील इतकं पाणी कशाला? सहा फळांना अर्धी वाटी पुष्कळ, बुडाला लागू नये एवढ्यापुरतं. बाकीचं पाणी फळच सोडतं. झाकण काढा, आच वाढवा आणि आटवा.

तिसरी घंटा:
आटवून फोडी कशा मऊ होणार? सरळ कुकरला लावा. मी नेहमी एकच शिट्टी काढते, लगदा तयार.

जुनी पळी:
अहो, आधीच पातळ आहे. कुकरमध्ये पाणी आटणार कसं?

रानवाट:
बिया काढल्यात ना? त्यात अमिग्डालिन असतं. बी चावली किंवा वाटली गेली की त्यातून सायनाइड सुटतं.

कडेलोट:
दोन-चार बियांनी कुणाला काही होत नाही. त्यांचा प्रश्न फोडींचा आहे. सांजवेळ, साखर कधी घातलीत?

सांजवेळ:
सुरुवातीलाच. फोडी, साखर, दोन लिंबं, सगळं एकदम. का?

कडेलोट:
मग तिथेच अडलंय. फळाच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात. साध्या पाण्यात शिजवलं की ते सुटतं आणि फोड ढासळते. साखर आणि आंबटपणा त्याला धरून ठेवतात. पाकात शिजवलेल्या फोडी अख्ख्या राहतात त्या यामुळेच.

जुनी पळी:
मी कायम साखर आधी घालते, माझं कधी अडलं नाही.

कडेलोट:
तुमची सफरचंदं भुसभुशीत जातीची असतील. मॅकिंटॉश तर लगेच विरघळतं. सगळीच तशी नसतात. सांजवेळ, ते पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात आटत ठेवा. फोडींवर अर्धी वाटी साधं पाणी घालून झाकण ठेवा, मंद आचेवर. मऊ झाल्यावर घोटा आणि आटलेला रस त्यात मिसळा.

तिसरी घंटा:
आणि रंगाचं काय?

कडेलोट:
तो बहुतेक चिरतानाच आला. कापलेल्या भागाला हवा लागली की तिथल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) फळ काळवंडतं. पुढच्या वेळी चिरताना फोडींना थोडं लिंबू चोळा, दोन नको. उकळल्यावर ते विकर निकामी होतं.

मोरपीस:
केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप सॉस घालता येतो. बिनसाखरेचाच घ्या.

रानवाट:
बाळासाठी करत असाल तर वर्षाच्या आत मध नको हं.

सांजवेळ:
बाळ नाही, केकही नाही! पण जमलं. वीस मिनिटांत फोडी डावाखाली विरघळल्या. सालं राहिली होती, चाळणीवर घासून काढली. दाट झाल्यावर बुडबुडे फुटून अंगावर उडतात, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. मनगट भाजलंय. आता टिकेल किती?

जुनी पळी:
आधी मनगट गार पाण्याखाली धरा. सॉस निवला की फ्रिजमध्ये, आठवडाभर चांगला राहतो. फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुगतो.