स्पार्क प्लगचे आटे गेलेत, हेड बदलायचं की दुरुस्त होतं?

ऐरोलीकर_१५०:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय कारण गाडी आज गॅरेजलाच आहे. बाबांची २०११ ची होंडा युनिकॉर्न १५० बाइक, आता मी चालवतो, रोज ऐरोली ते वागळे इस्टेट विटावा-कळवामार्गे. मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली तेव्हा प्लग बदलला. तीन दिवसांनी कळव्याचा खाडीपूल चढताना इंजिनातून फुस्स फुस्स असा आवाज, पिकअप नाही, प्लगच्या भोवती काळं तेलकट. हात लावला तर प्लग हलतोय! घट्ट करायला गेलो तर नुसता फिरतो, पकडतच नाही. बाहेर काढला तर प्लगच्या आट्यात ॲल्युमिनियमची बारीक तार गुंडाळून आली.
मेकॅनिक म्हणतो हेडच (सिलिंडरचं वरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) बदला. दुसरा म्हणाला आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवतो, चालेल. बाबांनी ही गाडी इतकी जपलीय की त्यांना अजून सांगितलेलंच नाही. काय करू?

वागळेचा_फिटर:
पहिलं म्हणजे टेप, एम-सील, असलं काही लावू देऊ नकोस. प्लगची अर्थिंग आट्यांतून आणि वॉशरवरून हेडला जाते, प्लगची बहुतेक उष्णतापण तिथूनच हेडमध्ये उतरते. टेप त्या तापात टिकत नाही, प्लग पुन्हा सैल होणार, तापून लाल होणार आणि स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेटायला लागणार, मग पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. किक मारूनसुद्धा बघू नकोस, शेवटचे एकदोन आटे धरून असले तर तेपण जातील.
आता एक काम कर, सर्व्हिसिंगच्या आधीचा जुना प्लग मिळतोय का बघ आणि दोन्ही प्लगांवरचे नंबर इथे टाक.

ऐरोलीकर_१५०:
जुना प्लग डिकीच्या पिशवीतच होता. त्यावर सीआर७एचएसए लिहिलंय. नवीन सीपीआर८ईए-९. नवीन लांबीला बराच मोठा दिसतोय.

वागळेचा_फिटर:
मला तोच संशय होता. पहिलं अक्षर सी म्हणजे आट्याचा व्यास १० एमएम, तो दोघांचा सारखाच, म्हणून जुना बिनबोभाट बसला. पण आकड्याच्या नंतरचं अक्षर लांबी सांगतं. एच म्हणजे १२.७ एमएम, ई म्हणजे १९ एमएम. तुझ्या गाडीला १९ वाला लागतो. कधीतरी कोणीतरी आखूड प्लग लावून ठेवला, म्हणजे हेडमधले आतले सहाएक आटे (पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १ एमएमची आहे) उघडे राहिले आणि त्यात वर्षानुवर्षं कार्बन बसून दगड झाला. आता योग्य प्लग लावताना तो अर्ध्याच्या पुढपर्यंत सुरळीत गेला असणार आणि मग अडकला असणार. तिथे थांबून प्लग मागे घ्यायचा असतो. बरोबर ना, लावताना शेवटी जोर लावला होता?

ऐरोलीकर_१५०:
हो!! मी समोरच उभा होतो, त्याने पान्यात पाइप घातला होता. "नवीन प्लग आहे, जड जातो" म्हणाला. मला तेव्हा कळलंच नाही हो दादा.

नेरुळचे_काका:
बाळा, हेड बदलायची काही गरज नाही. माझ्या चेतकला लेथवाल्याने पितळी बुश (आतून आटे असलेली जाड नळी) मारून दिला होता, मी गाडी विकेपर्यंत प्लगची तक्रार आली नाही. वाशी-तुर्भे साइडला एमआयडीसीत कोणीही चांगला टर्नर करून देईल. एवढं बघ की बुश ज्वलनाच्या बाजूला हेडच्या आत डोकावता कामा नये, डोकावलेली कडा तापून निखारा होते.

वागळेचा_फिटर:
काका, चेतकचा प्लग १४ एमएमचा आणि आखूड, शिवाय टू स्ट्रोक, हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, बुशला भरपूर जागा. इथे शेजारी व्हॉल्व्हच्या सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) आहेत, त्यामुळे जाड बुशसाठी मोठं भोक पाडायची माझी तरी हिंमत होत नाही. मी हेलीकॉइल घालीन. स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, तिच्यासाठी थोडासाच मोठा, तिचाच म्हणून वेगळा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि ती त्यात फिरवून बसवायची, आत परत १० एमएमचेच आटे मिळतात. कोणी "१२ एमएमचा टॅप मारून मोठा प्लग लावू" म्हणालं तर सरळ नाही म्हण. भिंत पातळ होते, तडा जातो.
आणि हेड उतरवूनच करून घे. न उतरवता करणारे आहेत, टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात म्हणजे बूर (धातूचा चुरा) चिकटून बाहेर येते, पण सगळी येत नाही, एक कण जरी सिलिंडरमध्ये राहिला तरी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) रेघा. शिवाय हेलीकॉइलची खालची शेपटी शेवटी मोडून काढायची असते, ती आत पडली तर काय करणार?

घणसोली_रायडर:
माझं स्कूटरचं असंच झालं होतं, फक्त कारण वेगळं, गरम इंजिनवर प्लग काढला होता. थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही हे तेव्हा शिकलो. हेड उतरलंच तर गॅस्केट (हेड आणि सिलिंडरच्या मधलं पॅकिंग) नवीनच घाल, जुनं परत लावू देऊ नको.

ऐरोलीकर_१५०:
अपडेट देतोय. शनिवारी वागळेतच एका लेथवाल्याकडे हेड घेऊन गेलो. त्याने आधी आतल्या बाजूने कार्बन साफ केला, मला वाटलं आतले आटे वाचतील पण ते पार गेले होते, मग हेलीकॉइल. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत अर्धा तास लावला, मी शेजारी उभा राहून बघत होतो. गॅस्केट नवीन, टायमिंगची खूण जुळवून हेड चढवलं. यावेळी प्लग मी स्वतः लावला, आधी नुसत्या बोटांनी, १९ चा १९ आत गेला, कुठे अडला नाही. काल पूल चढलो, आवाज नाही. बाबांना सगळं सांगितलं, ते आधी जुना प्लग हातात घेऊन बघत बसले, मग म्हणाले हा कोणी लावला होता ते शोध.
एक विचारायचं राहिलं, पाना किती घट्ट करायचा? आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेलीकॉइल सोबत निघाली तर?

वागळेचा_फिटर:
छान काम झालं. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) असेल तर १० एमएमला १० ते १२ न्यूटन-मीटर, १४ एमएमचे २५-३० असतात ते आकडे याला लावू नकोस. नसेल तर बोटांनी वॉशर टेकेपर्यंत, मग पान्याने नवीन प्लगला अर्धा फेरा, वापरलेल्याला फेऱ्याचा आठवा भाग, बस. ग्रीस किंवा तेल लावू नको, आटे गुळगुळीत झाले की त्याच जोरात जास्त आवळलं जातं. हेलीकॉइल प्लगबरोबर निघाली तर ती तशीच परत कोंबायची नाही, माझ्याकडे घेऊन ये, नवीन घालू. टॅप मारलेला आहे, त्यात दुसरी बसते.