सी मध्ये इव्हॅल्युएशन ऑर्डर तपासणारा स्टॅटिक चेकर: खोट्या वॉर्निंग येतात, खऱ्या सुटतात

पदवृक्ष (प्रश्न)

सी११ (सी भाषेचं २०११ चं मानक) कोडसाठी छोटा चेकर लिहितो आहे. एक्स्प्रेशनचे भाग कोणत्या क्रमाने चालतात यावर उत्तर अवलंबून असेल तर त्याने सांगावं. एएसटीवर (कोडच्या रचनावृक्षावर) डावीकडून उजवीकडे चालत प्रत्येक व्हेरिएबल कुठे वाचलं, कुठे बदललं याची नोंद ठेवतो. एकाच एक्स्प्रेशनमध्ये दोन्ही सापडलं की वॉर्निंग. निकाल असे:

`अ[क] = क++;` – पकडतो, बरोबर.
`क = क + १;` – यावरही वॉर्निंग.
`(प = पुढचा()) && प->वजन` – यावरही.
`मूल्य = (बाइट_वाच() << ८) | बाइट_वाच();` – इथे मात्र गप्प.

खरी अडचण शेवटच्या ओळीची आहे. `बाइट_वाच` आतमध्ये `स्थान` हा ग्लोबल इंडेक्स पुढे सरकवतं, म्हणजे कंपाइलरने उजवी बाजू आधी चालवली तर दोन बाइटांची अदलाबदल होते. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही कंपाइलर या ओळीवर काही बोलत नाहीत. रचना कशी बदलावी?

लोंबता_प्लस

मुळातच एक क्रम गृहीत धरून चालू नका. `+`, `|`, `=` यांच्या दोन बाजूंमध्ये सी ने क्रम ठरवलेलाच नाही. डावीकडून चालण्याऐवजी वृक्षाच्या प्रत्येक नोडने खालून वर तीन संच द्यावेत: वाचन, मिटलेलं लेखन (नोडचं मूल्य तयार होण्याआधी नक्की पूर्ण झालेलं) आणि लोंबतं लेखन (कधी पूर्ण होईल याची हमी नाही, उदा. `क++`).

`+` सारख्या ऑपरेटरला एका बाजूचं कुठलंही लेखन दुसऱ्या बाजूच्या वाचनाशी किंवा लेखनाशी जुळलं की टक्कर. टक्कर तपासून झाल्यावर संच एकत्र करून वर पाठवा.

`=` साठी दोन्ही बाजूंची हीच तपासणी करा, पण डावीकडचं नुसतं `क` हे वाचन नाही, तो फक्त पत्ता आहे. शिवाय जिथे लिहायचं ते ऑब्जेक्ट दोन्ही बाजूंच्या *लोंबत्या* संचात आहे का ते पाहा. वाचनाशी तुलना करू नका, कारण ऑपरंडांची मूल्यं काढून झाल्यावरच असाइनमेंटचं लेखन होतं. त्यामुळे `क = क + १` सुटतं आणि `क = क++` अडकतं. असाइनमेंटचं स्वतःचं लेखन सी मध्ये लोंबत्या संचात जातं.

`&&`, `||`, `?:` आणि कॉमा ऑपरेटर यांचा पहिला ऑपरंड संपला की त्याचं लोंबतं लेखन मिटलेल्यात हलवा आणि पुढच्या ऑपरंडशी तुलना करू नका. `?:` च्या दोन फांद्या एकमेकींशी तपासायच्या नाहीत, कारण एकच चालते. मात्र संच वर न्यायला विसरू नका, नाहीतर `(ट && क++) + क` निसटेल.

फंक्शन कॉलच्या आर्ग्युमेंटांमधला कॉमा म्हणजे कॉमा ऑपरेटर नव्हे. `फ(क++, क)` ही टक्करच. पण प्रत्यक्ष कॉल होण्याआधी सीक्वेन्स पॉइंट (ज्याच्या आधीचं सगळं काम पुढचं सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेलं असतं असा टप्पा) असतो, तेव्हा आर्ग्युमेंटांचं लोंबतं लेखन मिटतं. हे राहिलं तर `क = फ(क++)` वर खोटी वॉर्निंग येईल. `साइझऑफ` च्या आतलं एरवी चालतच नाही, ते सोडून द्या. अपवाद बदलत्या लांबीच्या ॲरेचा.

क्लँगची ‘अनसीक्वेन्स्ड’ वॉर्निंग साधारण याच पद्धतीने चालते. ती नाव असलेली व्हेरिएबलंच पाहते, फंक्शनच्या आत डोकावत नाही. म्हणून तुमची चौथी ओळ तिला दिसत नाही.

कॉलग्राफ

चौथ्या ओळीसाठी फंक्शनांचे सारांश लागतील: कोणते ग्लोबल आणि स्टॅटिक वाचले, कोणते लिहिले, कोणत्या पॉइंटर पॅरामीटरमधून लिहिलं. कॉल ग्राफमध्ये (कोणतं फंक्शन कोणाला कॉल करतं याच्या आलेखात) पानांकडून, म्हणजे इतर कुणाला कॉल न करणाऱ्या फंक्शनांकडून, वर या. परस्पर रिकर्शन असलेला गट एकत्र घेऊन संच वाढायचे थांबेपर्यंत फेऱ्या मारा.

इथे मेसेज वेगळा हवा. `क++ + क` हे अनडिफाइन्ड आहे, म्हणजे काय होईल यावर भाषेचं कसलंच बंधन नाही. पण टकरीची एक बाजू कॉल केलेल्या फंक्शनच्या आत असेल, तर सी११ प्रमाणे ते काम आधी किंवा नंतर पूर्ण होतं, मध्ये मिसळत नाही. म्हणजे ते अनस्पेसिफाइड. कंपाइलर दोनपैकी एक उत्तर देईल, पण ते कोणतं याची हमी नाही. दोन्हींना एकच मेसेज दिलात तर वाचणारा गंभीर वॉर्निंगही झटकून टाकेल. मिस्रा सी:२०१२ (सुरक्षित सी लिहिण्याची नियमावली) चा नियम १३.२ दोन्ही प्रकार धरतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो क्रमांक द्यायला हरकत नाही.

बॉडी दिसत नसलेली लायब्ररी फंक्शनं ‘सगळंच लिहितात’ असं धरलंत तर वॉर्निंगांचा पूर येईल. हाताने तक्ता बनवा: `स्ट्रलेन` फक्त वाचतं, `गेटसी`, `रँड` आणि `स्ट्रटोक` आतली अवस्था बदलतात. नुसता काउंटर वाढवणारं लेखन, ज्याचं मूल्य त्या एक्स्प्रेशनमध्ये कुणी वाचत नाही, ते वेगळं ठेवा. क्रम बदलला तरी बेरीज तीच राहते.

दुरुस्ती सुचवताना थेट ओळी द्या:

`वरचा = बाइट_वाच();`
`खालचा = बाइट_वाच();`
`मूल्य = (वरचा << ८) | खालचा;`

पदवृक्ष

तीन संचांनी दुसरी आणि तिसरी ओळ सुटली, आभार. पॉइंटरचं काय? `*प = क++` मध्ये `प` जर `क` कडेच बघत असेल तर? आणि हाच चेकर पुढे सी++ ला चालेल का?

लोंबता_प्लस

एलियस विश्लेषणाने (पॉइंटर आणि व्हेरिएबल एकाच ऑब्जेक्टचे आहेत का ते शोधणाऱ्या तपासणीने) ‘नक्की तेच’ म्हटलं तर एरर, ‘असू शकतं’ म्हटलं तर खालच्या पातळीची सूचना. ज्या व्हेरिएबलचा पत्ता कुठेच घेतलेला नाही, ते पॉइंटरच्या तपासणीतून आधीच वगळा. एवढ्यानेच बराच गोंगाट जातो. `अ[क] = अ[ज]++` मध्ये `क` आणि `ज` समान असतील तरच गडबड आहे, तेव्हा ती अट मेसेजमध्येच लिहा.

सी++ साठी नियमांचा तक्ता आवृत्तीनुसार वेगळा ठेवा. सी++११ पासून `++क` आणि असाइनमेंट यांचं लेखन मिटलेल्या संचात जातं, म्हणून `क = ++क` तिथे चालतं, सी मध्ये नाही. सी++१७ ने असाइनमेंटची उजवी बाजू डावीच्या आधी ठरवली, म्हणून `क = क++` ही वैध झालं. `<<` चा डावा ऑपरंड आधी, आणि आर्ग्युमेंटं एकमेकांत मिसळत नाहीत, पण त्यांचा आपसातला क्रम अजूनही मोकळा आहे. `+` आणि `|` जसेच्या तसे, म्हणजे तुमची बाइटची ओळ तिथेही धोक्याचीच. मॅपवर `म[किल्ली] = म.साइझ()` लिहिलं, किल्ली नवी आणि मॅप रिकामा असेल, तर सी++१७ मध्ये ० नक्की. आधीच्या आवृत्त्यांत ० किंवा १.

कॉलग्राफ

चेकरची परीक्षा घ्यायला एक उपाय: प्रत्येक ऑपरंड तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये काढून सोर्सच्या दोन प्रती तयार करा, एक सुलट क्रमाने, एक उलट. सगळी क्रमचयं लागत नाहीत. या दोन प्रतींत प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी चालून जाते. `&&`, `||`, `?:` आणि कॉमा यांना हात लावू नका. दोन्हींवर त्याच टेस्ट चालवा. जिथे उत्तर बदललं आणि चेकर गप्प राहिला, तिथे सारांशात काहीतरी सुटलंय. यूबीसॅनवर (प्रोग्राम चालताना अनडिफाइन्ड वर्तन पकडणाऱ्या साधनावर) विसंबू नका, त्यात या प्रकारची तपासणी नाही.

आणि चेकर प्रीप्रोसेसरनंतरच चालवा. `कमाल(क++, ज)` मॅक्रो उलगडल्यावर `((क++) > (ज) ? (क++) : (ज))` होतो. अटीनंतर सीक्वेन्स पॉइंट असल्याने इथे क्रमाची वॉर्निंग येता कामा नये, तरी `क` दोनदा वाढू शकतो. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागेल.